टाकी भरली की पंप बंद: डेटा रेडिओ बसवायचं काम नीट आणि सुरक्षित कसं करायचं?



व्हिडिओत आकडे पटापट पुढे जातात, म्हणून डेटा रेडिओचा विषय इथे निवांत लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, एकदोन हिशोब आहेत.

गावाकडचं चित्र तुम्हाला माहीतच आहे. विहीर नदीकाठी, पाण्याची टाकी गावाच्या वरच्या अंगाला, मध्ये दोन-तीन किलोमीटर. पाणी सोडणारा माणूस गाडीवर जातो, पंप चालू करतो आणि टाकी भरली की गावातून कोणीतरी फोन करेल याची वाट बघतो. फोन आला नाही तर टाकी तासभर वाहते आणि वीजबिल ग्रामपंचायतीच्या माथी. नाहीतर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला जातं, मोटर कोरडी फिरते आणि जळते. मग रिवाइंडिंगचा खर्च, आणि चार दिवस गावाला पाणी नाही.

डेटा रेडिओ इथे कामाला येतो. हा वॉकीटॉकी नव्हे, यावर कोणी बोलत नाही. हातात मावेल एवढा धातूचा डबा असतो. टाकीकडचा डबा पाण्याची पातळी वाचून हवेतून पाठवतो, विहिरीकडचा डबा ती घेऊन स्टार्टरला सांगतो की चालू राहा किंवा थांब. उपसा सिंचन, साखर कारखाने, एमआयडीसीतले सांडपाणी प्रकल्प, कालव्याचे दरवाजे, सगळीकडे तत्त्व हेच. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, गावोगाव नळयोजना झाल्या किंवा वाढल्या. त्या चालवणं आणि सांभाळणं हे आता गावाचं काम आहे, आणि ते करून देणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी शोधावा लागतो. तो माणूस तुम्ही होऊ शकता.

पण एक गोष्ट आधीच सांगतो. डबा भिंतीला लावून दोन वायरी जोडणं कोणीही शिकेल. रेडिओ बोलतोय हे बघणं म्हणजे अर्धंच काम. तो गप्प झाला तर पंपाचं काय होणार, टाकीवर चढणाऱ्या माणसाचं काय होणार, वीज पडली तर काय होणार, हे ठरवणं म्हणजे उरलेलं अर्धं. गिऱ्हाईक पैसे या दुसऱ्या अर्ध्याचे देतं, भले त्याला ते माहीत नसेल.

आधी विचारा, रेडिओ लागतोच का?

टाकी आणि पंप दोनशे मीटरवर असतील तर जमिनीखालून पाईपात केबल टाका, विषय संपला. फक्त त्या वाटेवर जेसीबी कधी चालणार नाही ना, हे विचारून घ्या. रस्ता, गटार, नवीन पाईपलाईन, काही ना काही खोदकाम गावात चालूच असतं.

नुसतं "टाकी भरली" असा मेसेज सरपंचांच्या मोबाईलवर हवा असेल तर सिमकार्डवाला डबा स्वस्तात पडतो. पण पंप चालवायची जबाबदारी सिमवर टाकताना विचार करा. रिचार्ज संपला, ग्रामसेवक बदलून गेले, नवीन साहेबांना सिमचा नंबरच माहीत नाही, असं सर्रास होतं. लोडशेडिंग लांबलं की मोबाईल टॉवरही बसतो. रेडिओला दरमहा काही भरावं लागत नाही आणि मध्ये तिसरं कोणी नसतं. दोन टोकं तुमची, मधली हवा सगळ्यांची. एक-दोन ते दहा-बारा किलोमीटर, मधे डोंगर नाही आणि रोजचं काम त्यावर अवलंबून आहे, तिथे रेडिओ शोभतो. डोंगर आडवा आला तर डोंगरावर तिसरा रेडिओ रिपीटर म्हणून लावावा लागतो. मग तिथे सोलर आणि चोरीची भीती दोन्ही आलं. अशा ठिकाणी मी नवख्या माणसाला पहिलं काम घ्यायला सांगत नाही.

फ्रिक्वेन्सी चुकली तर स्वस्त रेडिओ महाग पडतो

इथे बरेच जण फसतात. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी विनापरवाना वापरता येतो. आधी तो ८६७ पर्यंत होता, २०२१ च्या नियमांनी ८६८ पर्यंत वाढला. मर्यादा अशी: ट्रान्समीटरची ताकद जास्तीत जास्त १ वॅट, अँटेनाचा फायदा धरून बाहेर पडणारी परिणामी ताकद ४ वॅट, आणि चॅनेलची रुंदी २०० किलोहर्ट्झ. टाकी-पंपाच्या कामाला हे भरपूर झालं. २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे वायफायवाला पट्टाही विनापरवाना आहे, पण झाडांतून तो नीट जात नाही आणि गावात प्रत्येक घरातलं राऊटर तिथेच बडबडत असतं.

आता ऑनलाइन बाजारात बघा. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचे रेडिओ झकास दिसतात, रेंजही मोठी सांगतात. ते अमेरिकेसाठी बनवलेले आहेत. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये लोकांचे मोबाईल टॉवरशी बोलतात. तुमचा रेडिओ तिथे ओरडायला लागला तर टॉवरचं ऐकणं बिघडतं. मोबाईल कंपनी तक्रार करते, आणि सरकारची मॉनिटरिंग यंत्रणा फ्रिक्वेन्सी शोधत तुमच्या टाकीपर्यंत येऊ शकते. युरोपातून आलेले "८६८ वाले" पण तपासून घ्या. त्यातले पुष्कळ कारखान्यातून ८६८.३ किंवा ८६९.५ वर लावून येतात, आणि ते आपल्या पट्ट्याच्या बाहेर आहे. सेटिंग खाली आणता येत असेल तरच घ्या.

विनापरवाना म्हणजे बिनकागदाचा नव्हे. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची टाइप अप्रूव्हल, बोलीभाषेत ईटीए, असावी लागते. ती घेणं बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं काम, पण तिची प्रत मागून फाईलला लावणं तुमचं काम. पुरवठादार टाळाटाळ करायला लागला की दुसरा पुरवठादार बघा. आणि गिऱ्हाइकाला हेही सांगा की हा पट्टा सगळ्यांचा आहे. शेजारच्या योजनेचा रेडिओ त्रास देतो म्हणून सरकारकडे दाद मागता येत नाही. चॅनेल बदलून मार्ग काढावा लागतो. व्हीएचएफ-यूएचएफचे जास्त ताकदीचे रेडिओ मोडेमही मिळतात, पण त्यांना डब्ल्यूपीसीकडून फ्रिक्वेन्सी आणि परवाना दोन्ही घ्यावं लागतं. लहान कामाला त्या वाटेला जाऊ नका.

साइट बघायला जाताना

सर्व्हेचे पैसे वेगळे घ्या. फुकट सर्व्हे केला की लोक तुमचा सर्व्हे घेऊन दुसऱ्याकडून काम करून घेतात.

घरी बसून गुगल अर्थवर दोन टोकांमध्ये रेषा ओढा, जमिनीचा चढ-उतार दिसतो. मग प्रत्यक्ष जा आणि टाकीकडून विहिरीकडे बघा. विहिरीची खोली दिसली म्हणजे झालं, असं मात्र नाही. रेडिओलहर दोऱ्यासारखी सरळ जात नाही, ती मृदंगासारखी जाते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली. ३ किलोमीटरच्या अंतरावर, ८६६ मेगाहर्ट्झला, मध्यभागी या मृदंगाची त्रिज्या साधारण १६ मीटर भरते. यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे रेषेच्या खाली १० मीटर तरी, मोकळा हवा.

आता हिशोब करू. समजा टाकीवरचा अँटेना पंपघराच्या जमिनीपेक्षा ३० मीटर उंच आहे. मध्यावरची जमीन पंपघराच्याच पातळीला आहे आणि तिथे ८ मीटरची झाडं आहेत. पंपघरावर ३ मीटरचा पाईप लावला तर मध्यावर रेषा येते ३० आणि ३ ची सरासरी, साडेसोळा मीटरवर. झाडं वजा केली की साडेआठ उरतात. कमी पडलं. ६ मीटरचा पाईप लावला तर बरोबर १० उरतात, जेमतेम. ९ मीटरला साडेअकरा. मी ९ घेईन, कारण झाडं वाढतात. उसाची काळजी करू नका, तो काही टाकीच्या उंचीला येत नाही. काळजी आंबा, चिंच आणि निलगिरीची. मे महिन्यात सर्व्हे केला असेल तर पानगळ झालेली झाडं जुलैत ओली आणि गच्च भरलेली असतील हे लक्षात ठेवा. ओलं पान सिग्नल जास्त खातं.

यानंतर कागदावर सिग्नल मोजायचा. आकडे डेसिबलमध्ये असतात. त्याला घाबरायचं कारण नाही, ही नुसती बेरीज-वजाबाकी आहे. ३ डेसिबल गेले की ताकद अर्धी झाली, १० गेले की दहावा हिस्सा उरला, एवढं पाठ करा. अर्धा वॅट म्हणजे २७ डीबीएम. दोन्हीकडे ५ डीबीआयचे अँटेना, अधिक १०. दोन्हीकडच्या केबलमध्ये गेले ४. तीन किलोमीटर हवेत गेले १०१. उरले उणे ६८. समजा रेडिओच्या माहितीपत्रकात लिहिलंय की तो उणे १०५ पर्यंत ऐकतो. म्हणजे ३७ डेसिबल हाताशी आहेत. झाडं आणि चढ-उतार दहा-पंधरा खातील. तरी २० च्या वर राहिले तर काम पक्कं. कागदावरच २० पेक्षा कमी येत असतील तर अँटेना वर न्या किंवा चांगली केबल घ्या. रेडिओची ताकद वाढवणं हा शेवटचा उपाय.

कागदानंतर चाचणी. तात्पुरता बांबू किंवा पाईप उभा करा, दोन्ही रेडिओ बॅटरीवर लावा आणि एक दिवस-रात्र सिग्नलची नोंद घ्या. दुपारी चांगला आणि पहाटे वाईट असं दिसू शकतं. ते आत्ताच कळलेलं बरं.

पैसे वाचवायची चुकीची जागा: केबल

आरजी-५८ नावाची बारीक काळी केबल स्वस्त मिळते. या फ्रिक्वेन्सीला ती मीटरमागे साधारण अर्धा डेसिबल खाते. २० मीटर लावली की १० डेसिबल गेले, म्हणजे दहातले नऊ हिस्से ताकद केबलमध्येच संपली. जाड एलएमआर-४०० दर्जाची केबल त्याच २० मीटरला अडीच-पावणेतीन डेसिबल खाते. गिऱ्हाइकाला हा एवढा हिशोब दाखवा, तो भाव करणं थांबवतो. त्याहून चांगली युक्ती म्हणजे रेडिओचा पेटीबंद डबा खांबावरच लावायचा आणि खाली फक्त वीज आणि डेटाची वायर आणायची.

एका पंपाला एकच टाकी असेल तर दोन्हीकडे यागी, म्हणजे जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखा दिसणारा, एकमेकांकडे तोंड करून. एका पंपघरावरून तीन टाक्या सांभाळायच्या असतील तर मध्ये चारी दिशांना बोलणारा उभा अँटेना. दोन्ही यागींचे दांडे सारख्याच दिशेत हवेत, दोन्ही उभे नाहीतर दोन्ही आडवे. एक उभा आणि एक आडवा राहिला तर वीसेक डेसिबल सहज जातात आणि माणूस दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. मोठा यागी लावताना मघाची ४ वॅटची मर्यादा मोजा. ९ डीबीआयचा यागी आणि पूर्ण १ वॅट असं एकत्र केलं की केबलमध्ये थोडं गेलं तरच तुम्ही मर्यादेत राहता. अंतर ३ किलोमीटर असेल तर १ वॅटची गरजच नाही, ताकद कमी करून ठेवा.

कनेक्टरवर आधी आपोआप चिकटणारी रबर टेप, तिच्यावर उन्हाला टिकणारी काळी टेप. केबल पेटीत शिरण्याआधी खाली लोंबती वळवा, म्हणजे पावसाचं पाणी वळणावरून गळून पडतं, आत जात नाही. आणि पंपघरात टीसीएल पावडरची पोती कुठे ठेवलीत ते बघा. मी एका ठिकाणी पॅनेल अगदी पोत्यांच्या वर लावलेलं पाहिलं. सहा महिन्यांत तांब्याची टोकं हिरवी झाली होती. क्लोरीनचा वास येतो तिथे इलेक्ट्रॉनिक्स टिकत नाही. पॅनेल दुसऱ्या खोलीत, नाहीतर बाहेरच्या भिंतीवर सावलीला.

अँटेना किंवा डमी लोड जोडल्याशिवाय रेडिओला वीज देऊ नका. बाहेर जायला वाट नसली की ताकद उलटी येते आणि ट्रान्समीटरचा शेवटचा भाग जळू शकतो. टेबलावर "जरा चालू करून बघतो" म्हणताना नवे रेडिओ असेच जातात, आणि वॉरंटीत हे धरत नाहीत.

वीज, दोन्ही अर्थांनी

आधी तारेतली. खांब उभा करायच्या आधी वर बघा. ११ केव्हीची लाईन जवळून जात असेल तर एकच नियम: खांब कुठल्याही बाजूला पडला तरी तारेला पोचता कामा नये. मी खांबाच्या उंचीच्या दुप्पट अंतर धरतो. ९ मीटरचा जीआय पाईप तीन माणसांच्या हातातून एकदा कलला की सावरत नाही, आणि पाईप धरलेला कोणीच सुटत नाही. जागाच नसेल तर महावितरणकडे लाईन बंद करायचा अर्ज द्या, नाहीतर जागा बदला. "आत्ता लोडशेडिंग आहे, पटकन उभा करू" हे वाक्य कोणी उच्चारलं की काम थांबवायचं. लाईट कधी येईल हे कोणाला सांगून येत नाही.

स्टार्टरच्या आतलं थ्री फेजचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. तुमचा रेडिओ २४ व्होल्टवर चालतो, पण त्याचा रिले ज्या कॉन्टॅक्टरला हात घालतो तिथे ४१५ व्होल्ट आहेत.

आता आकाशातली. मराठवाडा-विदर्भात एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात विजा पडतात. गावातली सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे टाकी, आणि तुम्ही तिच्यावर धातूचा दांडा लावताय. टाकीवर तडितरक्षक असेल तर अँटेना त्याच्या टोकापेक्षा खाली, त्याच्या आडोशाला ठेवा. नसेल तर तो कोटेशनमध्ये धरा. केबल पेटीत शिरते तिथे सर्ज अरेस्टर लावा आणि त्याची अर्थ वायर जाड, आखूड, शक्य तितकी सरळ. लेव्हल सेन्सरच्या वायरलाही अरेस्टर हवा. ती वायर लोक विसरतात आणि वीज तिथूनच आत येते.

अर्थिंगबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, की रेडिओची अर्थ वेगळी ठेवली की तो सुरक्षित. उलट आहे. वीज जवळ पडते तेव्हा दोन वेगळ्या अर्थ खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक तयार होऊ शकतो, आणि तो फरक तुमच्या रेडिओतून वाट काढतो. म्हणून खांब, पॅनेल, अरेस्टर, तडितरक्षक, सगळ्यांचे खड्डे जाड पट्टीने एकमेकांना जोडलेले हवेत. रोध ५ ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. कातळात ते अवघड जातं, जास्त इलेक्ट्रोड पुरावे लागतात. तो खर्च आधीच सांगा.

ढग गडगडायला लागले की टाकीवर कोणी थांबायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अॅप मोबाईलमध्ये ठेवा, जवळपासच्या विजेचा इशारा मिळतो.

आणि चढणं. टाकीची शिडी खालून बरी दिसते, वर गंजलेली असते. कमरेचा पट्टा पुरत नाही. पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन हूक हवेत, एक सोडायच्या आधी दुसरा अडकलेला. खाली एक माणूस कायम, ज्याचं काम फक्त वर बघणं. टाकीच्या आत उतरून सेन्सर बसवायचा असेल तर ते वेगळं काम समजा. बंद जागेत हवा खराब असू शकते, म्हणून झाकणं उघडून, हवा खेळती करून, बाहेर माणूस आणि दोर ठेवूनच उतरायचं. शक्यतो असा सेन्सर निवडा जो वरून लोंबकळत सोडता येतो, म्हणजे उतरायची वेळच येत नाही. सोबतच्या माणसांचा अपघात विमा काढा. तो खर्चही कोटेशनमध्ये येऊ द्या.

रेडिओलहरींची भीती वाटणारे लोक असतात. एवढ्या ताकदीच्या रेडिओच्या पुस्तिकेत माणसापासून किती अंतर ठेवायचं ते दिलेलं असतं, २० सेंटीमीटर हा आकडा बऱ्याचदा दिसतो. मोठ्या अँटेनाला जास्त असतं, ते वाचून तसं लावा. आणि यागीसमोर तोंड नेऊन काम करायचं असेल तर रेडिओ आधी बंद करा.

कारखान्याची डिस्टिलरी, पेट्रोल साठा, गॅस अशा ठिकाणी मात्र हात आखडता घ्या. तिथे स्फोटक हवेसाठी प्रमाणित उपकरणंच चालतात. पेसो ही केंद्राची संस्था, जिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, तिच्या मंजुरीचा विषय येतो. अशा जागी वीज चालू असताना नुसता कनेक्टर काढला तरी ठिणगी पुरेशी असते. हे काम अनुभवी माणसासोबत करा किंवा सोडून द्या.

रेडिओ गप्प झाला तर

टाकीकडच्या रेडिओने दर ३० सेकंदांनी "मी आहे, पातळी इतकी आहे" असं सांगायचं. पंपाकडच्याने ३ मिनिटं काहीच ऐकलं नाही तर रिले सोडून द्यायचा आणि पंप बंद. रिलेचं वायरिंग असं करा की रिले ओढलेला असेल तेव्हाच पंप चालेल. मग रेडिओ जळो, वायर तुटो, एसएमपीएस जावो, पंप थांबतोच. काही जण उलटं करतात, "बंद कर" असा निरोप आला तरच पंप थांबतो. निरोपच पोचला नाही तर? टाकी वाहत राहते, आणि दोष तुमच्या नावावर.

टाकीतला फ्लोट स्विचही असाच. वायर तुटली तर सिस्टीमने "टाकी भरली" असंच समजलं पाहिजे. म्हणजे टाकी रिकामी असताना संपर्क जोडलेला आणि भरली की सुटलेला. कोरड्या मोटरचं संरक्षण मात्र रेडिओवर सोपवू नका. ते पंपाजवळच, स्टार्टरमध्ये हवं.

पण गावाला पाणी तर लागणार. म्हणून पॅनेलवर ऑटो, बंद आणि मॅन्युअल असा सिलेक्टर स्विच द्या आणि पाणी सोडणाऱ्या दादांना तो नीट शिकवा. ही सोय दिली नाही तर रेडिओ बिघडल्याच्या दिवशी कोणीतरी वायरचा तुकडा जोडून तुमचं सगळं संरक्षण बायपास करतं, आणि तो तुकडा कायमचा तिथेच राहतो.

यातली सगळ्यात गंभीर गोष्ट आता. विहिरीत माणूस उतरलाय, फूटव्हॉल्व्ह साफ करतोय, आणि तीन किलोमीटरवर टाकीतलं पाणी खाली गेलं. रेडिओने सांगितलं, पंप सुरू. आधी पंप चालू करायला माणूस यायचा, आता कोणी येत नाही. हा धोका तुम्ही नव्याने आणलेला आहे, म्हणून बंदोबस्तही तुम्हीच करायचा. मेन स्विचला कुलूप लागेल अशी सोय, आणि चावी उतरणाऱ्याच्या खिशात. सिलेक्टर बंदवर फिरवला एवढ्यावर भागवायचं नाही, तो कोणीही परत फिरवतो. पंप सुरू व्हायच्या आधी १० सेकंद भोंगा. आणि मोठ्या मराठी अक्षरात पाटी: "हा पंप आपोआप सुरू होतो. कुलूप लावल्याशिवाय हात लावू नये." ही पाटी काही शे रुपयांची आहे. ती विसरलेलं काम मी पूर्ण झालेलं मानत नाही.

याच कारणाने क्रशर, कन्व्हेयर अशा यंत्राचं इमर्जन्सी स्टॉप साध्या डेटा रेडिओवरून कधीही नेऊ नका. कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. त्यासाठी वेगळी प्रमाणित यंत्रणा असते.

सेटिंगमधल्या दोन गोष्टी पटकन सांगतो. नेटवर्क आयडी आणि पासवर्ड कारखान्यातून येतो तोच ठेवला, आणि पलीकडच्या गावात दुसऱ्याने तोच रेडिओ तसाच लावला, तर त्यांची टाकी रिकामी झाली की तुमचा पंप सुरू होईल. दोन्ही बदला आणि एन्क्रिप्शन चालू करा. दुसरं, मॉडबसवर पीएलसी जोडला असेल तर उत्तराची वाट बघायची वेळ वाढवा. वायरीवर चालणारी वेळ हवेत पुरत नाही, मग "कम्युनिकेशन फॉल्ट" येत राहतो आणि लोक विनाकारण रेडिओला शिव्या देतात. आरएस-४८५ ची ए आणि बी टोकं कंपन्या उलटसुलट लिहितात. डेटा येत नसेल तर आधी ती अदलाबदल करून बघा. हवेतला वेग कमी ठेवा. पाण्याची पातळी सांगायला वेग कशाला हवाय, आणि कमी वेगाला रेडिओ जास्त लांबचं ऐकतो.

टाकीवर लाईट नसेल तर सोलरचा हिशोब: सरासरी १५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ३.६ अँपिअर-तास. तीन ढगाळ दिवस धरले तर सुमारे ११. बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उतरवायची नाही, म्हणून २२, बाजारात २६ ची मिळते ती घ्या. पावसाळ्यात दिवसाला दोनच तास पुरेपूर ऊन धरलं तरी ४० वॅटचं पॅनेल चालतं.

कोटेशन आणि नंतरची देखभाल

कोटेशन एका ओळीत "रेडिओ सिस्टीम, एकूण रक्कम" असं देऊ नका. सर्व्हे, खांब आणि चढाई, रेडिओ-अँटेना-केबल, पॅनेल आणि वायरिंग, अर्थिंग आणि अरेस्टर, प्रशिक्षण, असं वेगळं लिहा. भाव पाडायला लागले की लोक आधी अर्थिंगच्या ओळीवर बोट ठेवतात. ती ओळ काढायची नाही. त्याऐवजी मोबाईल मेसेजची सोय काढा, टच स्क्रीन काढा. तरीही अर्थिंग नको म्हणाले तर काम सोडा. पहिल्याच पावसात रेडिओ जळला तर लोक अर्थिंगला नाही, तुम्हाला आठवतात. ग्रामपंचायतीचे पैसे उशिरा येतात हेही धरून चाला. सामानाचा आगाऊ हप्ता लेखी ठरवा.

काम संपल्यावर गिऱ्हाइकासमोर चाचणी घ्या. फ्लोट हाताने उचला, पंप थांबला पाहिजे. टाकीकडच्या रेडिओची वीज काढा, ३ मिनिटांत पंप थांबला पाहिजे. सेन्सरची वायर सोडा, पुन्हा तेच. प्रत्येकावर सही घ्या. त्या दिवशीचा सिग्नल, अर्थिंगचा रोध, रेडिओची सेटिंग, ईटीएची प्रत आणि अँटेनाचे फोटो एका फाईलमध्ये. एक प्रत त्यांना, एक तुमच्याकडे.

देखभालीच्या करारात वर्षाला दोन फेऱ्या ठेवा. एक मे महिन्यात पावसाच्या आधी: अर्थिंग मोजायचं, टेप बघायची, अरेस्टर तपासायचा, स्टे वायर आवळायच्या, आड येणाऱ्या फांद्या छाटून घ्यायच्या. दुसरी दिवाळीनंतर, पाऊस आणि विजा सरल्यावर. दोन्ही वेळा सिग्नलचा आकडा त्याच फाईलमध्ये लिहायचा. पहिल्या दिवशी उणे ७५ होता आणि आता उणे ८८ आहे, तर एकतर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय नाहीतर मध्ये झाड वाढलंय. पंप अजून व्यवस्थित चालतोय, कोणाची तक्रारही नाही, पण १३ डेसिबल गेलेत. ते कुठे गेले हे शोधायला त्याच दिवशी वर चढायचं.